गल्ल्यावरची वही

कळवा स्टेशनपासून पाच मिनिटांवर माझ्या मामाचा सायबर कॅफे होता. सात कॉम्प्युटर, एक प्रिंटर, सारखा कागद अडकवणारं झेरॉक्स मशीन आणि गल्ल्यावर सुतळीने बांधलेलं पेन. कॉलेजला सुट्टी असली की मी तिथे बसायचे. जूनमध्ये अकरावीचे ऑनलाइन फॉर्म भरायला आईबापांसकट पोरांची रांग लागायची. एरवी दुपारी ऑर्कुट आणि संध्याकाळी रेल्वेची तिकिटं.

२०११ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम आणले आणि गल्ल्यावर एक लांबोडकी वही आली. येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र बघायचं, त्याची प्रत ठेवायची, नाव, पत्ता, मशीन नंबर, आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ लिहायची आणि हे सगळं निदान वर्षभर जपायचं. पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको. मामाने सुताराला बोलावून प्लायवूड कापून घेतलं, त्याचा भुसा आठवडाभर कीबोर्डमधून निघत होता. अल्पवयीन मुलाकडे ओळखपत्र नसेल तर त्याच्यासोबत ओळखपत्रवाला मोठा माणूस हवा, आणि पार्टिशनच्या आड बसायचं तर आईवडील किंवा पालक शेजारी हवेत. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. शेवटच्या केबिनमध्ये काय चालायचं ते आम्हाला माहीत होतं.

पोरांनी आठ दिवसांत तोड काढली. समोरचा पानटपरीवाला सगळ्यांचा काका झाला. तो यायचा, आपलं मतदार ओळखपत्र गल्ल्यावर टाकायचा, ‘आपला पोरगा आहे’ म्हणायचा आणि परत टपरीवर जाऊन चुना लावत बसायचा. एका दुपारी त्याला तीन मुलगे होते, तिघांची आडनावं वेगळी.

वहीमुळे अडली ती वेगळीच माणसं. एक मुलगी आठवते. सोळा-सतराची असेल, विटाव्याकडून यायची बहुधा. हातात औषधाच्या दुकानातलं छोटं कागदी पाकीट, त्यावर कुणीतरी पेनाने इंग्रजीत एक शब्द लिहून दिलेला. मशीन रिकामं आहे का, तिने विचारलं. मी वही पुढे सरकवली. तिने पेन उचललं आणि लिहायच्या आधी वरच्या ओळी वाचल्या. एका नावावर तिचं बोट थांबलं. ओळखीचं असावं.

‘आयडी लागतंच का ताई?’

‘लागतं गं.’

‘घरी राहिलंय. घेऊन येते.’

ती आली नाही. पाकिटावरचा शब्द मला वाचता आला नव्हता.

पुढे सगळ्यांच्या हातात फोन आले, कॅफे बंद झाला. मामाने मशिनं विकली आणि वह्या रद्दीत घातल्या. आत टाचलेल्या ओळखपत्रांच्या झेरॉक्ससकट. रद्दीवाल्याने काटा धरला, वजन सांगितलं, पैसे दिले. कळव्यातल्या काहीशे माणसांची नावं, पत्ते, सह्या आणि फोटो एका गोणीत भरून सायकलवरून गेले. त्यात माझीही एक झेरॉक्स होती, नमुना म्हणून पहिल्या पानाला लावलेली.

आता तीच वही पुन्हा येते आहे, फक्त कागदाची नाही. लहान मुलांना समाजमाध्यमांपासून, अश्लील साइटींपासून, जुगारी खेळांपासून वाचवायचं तर आधी वय तपासा, असा सूर जगभर लागला आहे. आपल्याकडेही लागला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमं बंद करणाऱ्या ऑस्ट्रेलियासारख्या कायद्याचा विचार करा असं केंद्राला सुचवलं, आणि लगेच पुढच्या महिन्यात आर्थिक पाहणी अहवालातही वयानुसार मर्यादेची भाषा आली. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या बातमीला चाळीसेक अंगठे पडले. ज्यांनी अंगठे दिले त्यांची काळजी खरी आहे. एक अंगठा माझ्या सख्ख्या बहिणीचा आहे. तिचा मुलगा तेरा वर्षांचा, राहायला ऐरोलीत, आणि रात्री एक वाजता पांघरुणाखालून निळा उजेड येतो म्हणून तिने वायफायचा पासवर्ड इतक्यांदा बदलला आहे की आता तो तिलाच आठवत नाही.

तिला मी ‘आईवडिलांनीच लक्ष द्यायला हवं’ असं म्हणत नाही. इंटरनेटच्या स्वातंत्र्याची बाजू घेणारे बरेच जण हे वाक्य फार सहज टाकतात. घणसोलीला चार घरची धुणीभांडी करून रात्री आठला घरी पोचणाऱ्या बाईने कुठल्या वेळात मुलाच्या फोनचं सेटिंग तपासायचं? समोर काय उभं आहे ते तरी बघा. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू व्हावा, बोट थांबू नये, रात्री अकराला पुन्हा फोन उचलावासा वाटावा, यासाठी जगातली हुशार डोकी पगारावर ठेवलेली आहेत. त्यांच्याविरुद्ध एकट्या आईला उभं करून त्याला जबाबदारी म्हणणं मला तरी जमत नाही. कायदा हवाच. माझं भांडण कायदा कुठे बोट ठेवतो याच्याशी आहे.

साधी गोष्ट आहे, पण अंगठे देताना तिच्याकडे कुणी बघत नाही. गर्दीतून लहान मुलं बाजूला काढायची तर गर्दीतल्या प्रत्येकाला वय विचारावं लागतं. मुलाच्या कपाळावर ‘मूल’ असं लिहिलेलं नसतं. म्हणून मुलांचं वय तपासणारा कायदा प्रत्यक्षात तपासतो तो मोठ्यांना. चौदा वर्षांचा मुलगा दारातून परत जाईल किंवा काका शोधेल. ओळख देऊन आत जाणार तो चाळिशीतला माणूस, आणि तो कुठे, किती वाजता, काय वाचायला गेला याची नोंद कुठेतरी पडणार.

आपल्याकडचा कायदाच बघा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्यात लिहिल्याप्रमाणे मुलांविषयीच्या अटी १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. १८ वर्षांखालचा प्रत्येक जण इथे मूल. सतराव्या वर्षी बारावी देऊन नीटच्या परीक्षेला बसलेली मुलगीही मूल आणि पाचवीतला मुलगाही मूल. मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्या, नाहीतर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नियमात दिलेली उदाहरणं वाचली की गंमत कळते. तिथे गोष्ट सुरू होते ती ‘मी लहान आहे’ असं मुलानेच सांगण्यापासून, किंवा पालक स्वतःहून पुढे येण्यापासून. मुलाने ‘मी मोठा आहे’ म्हटलं तर काय, याचं उत्तर तिथे सापडत नाही. ज्या कंपनीच्या डोक्यावर २०० कोटींची तलवार आहे ती ते उत्तर स्वतःच शोधेल, आणि सर्वांत सोपं उत्तर म्हणजे सगळ्यांनाच ओळखपत्र मागणं.

पुढची गंमत आणखी मोठी. संमती देणारा माणूस सज्ञान आहे आणि गरज पडली तर त्याची ओळख पटेल, एवढं तपासायला नियम सांगतो. तो त्या मुलाचा बाप आहे का, हे तपासायला सांगत नाही. सांगणार तरी कसं? त्यासाठी प्रत्येक कुटुंबाचा वंशवृक्षच कंपनीच्या हवाली करावा लागेल. थोडक्यात, पानटपरीवाल्या काकांची सोय १४ वर्षांनंतरही शाबूत आहे.

आणि खरा बाप संमती देणारा असेल तेव्हा काय होतं, तेही बोलू. ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या मुलांना स्मार्टफोनबद्दल विचारलं होतं. ज्यांना फोन वापरता येतो त्यांच्यापैकी साधारण ३६ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हे प्रमाण २७ टक्क्यांच्या आसपास. शहरात चित्र वेगळं असेल, पण दिघ्याच्या आणि कळव्याच्या चाळींमधून मी जे पाहिलं ते फार वेगळं नाही. मुलीला फोन मिळतो तो भावाचा, संध्याकाळी अर्धा तास, हॉलमध्ये बसून. अशा घरात ‘पालकांची पडताळलेली संमती’ म्हणजे भावाच्या नजरेला सरकारी शिक्का. ज्या मुलीला पाळीबद्दल, काकाच्या नको त्या स्पर्शाबद्दल, ठरत असलेल्या लग्नाबद्दल कुणाला तरी विचारायचं आहे, तिने आधी वडिलांच्या फोनवरचा ओटीपी आणायचा. दवाखाने आणि शाळांसारख्यांना नियमांनी काही बाबतींत सूट दिली आहे, हे मान्य. पण सोळा वर्षांची मुलगी असले प्रश्न दवाखान्याच्या साइटवर कुठे विचारते? ती आपल्यासारख्या दुसऱ्या मुलीला विचारते, आणि ती दुसरी मुलगी समाजमाध्यमावर भेटते.

बाहेरच्या देशांचे अनुभव आता समोर आहेत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांची खाती मोठ्या समाजमाध्यमांवर बंद केली. शिक्षा मुलाला नाही, पालकांना नाही. कंपनीला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. ही वाटणी मला पटते. केवळ सरकारी ओळखपत्राचाच हट्ट धरायचा नाही, दुसरा मार्ग द्यायचाच, अशी अटही त्यांनी घातली, तीही शहाणपणाची. महिनाभरात सुमारे ४७ लाख खाती काढली किंवा गोठवली असं तिथल्या सरकारने सांगितलं. खाती गेली. मुलं कुठे गेली, हा वेगळा प्रश्न.

ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ ला अश्लील आणि इतर घातक मजकुरासाठी वयाची कडक तपासणी सुरू झाली आणि त्याच आठवड्यात व्हीपीएनची, म्हणजे आपण दुसऱ्याच देशात आहोत असं भासवणारी अॅप डाउनलोडच्या यादीत सर्वांत वर जाऊन बसली. चेहरा बघून वय ओळखणाऱ्या यंत्रांना काही पोरांनी व्हिडिओ गेममधल्या पात्राचा चेहरा दाखवून गंडवलं. मला त्या पोरांचं कौतुक वाटलं हे कबूल करते, पण हसण्यावारी न्यायची गोष्ट पुढे घडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपने जाहीर केलं की त्यांच्यासाठी काम करणाऱ्या बाहेरच्या कंपनीत घुसखोरी झाली आणि सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघड झाले असू शकतात. हे फोटो घेतले होते ते वयाविषयीच्या तक्रारी सोडवायला. कळव्याच्या रद्दीवाल्याकडे निदान एकच सायकल होती.

पण मला सर्वांत जास्त शिकण्यासारखी वाटते ती दक्षिण कोरियाची गोष्ट, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. कारण ती नवी नाही. कोरियाने २००७ मध्येच ठरवलं की मोठ्या साइटींवर काही लिहायचं तर आधी नागरिक क्रमांक देऊन खरी ओळख पटवा. शिवीगाळ आणि बदनामी थांबावी हा हेतू. झालं काय, तर प्रत्येक साइटकडे लोकांच्या ओळख क्रमांकांचे ढिगारे साठले. २०११ च्या जुलैमध्ये एका मोठ्या कंपनीच्या साइटी फुटल्या आणि साडेतीन कोटी वापरकर्त्यांची माहिती गेली. पाच कोटींच्या देशात साडेतीन कोटी. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१२ मध्ये, तिथल्या संविधान न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द केला. दरम्यान त्यांनी आणखी एक प्रयोग केला होता. मध्यरात्री बारा ते सकाळी सहा १६ वर्षांखालच्या मुलांना ऑनलाइन खेळ बंद. मुलांनी आईबापांचे क्रमांक वापरले. दहा वर्षं हे चाललं आणि २०२१ मध्ये सरकारनेच तो नियम मोडीत काढायचं ठरवलं. इतक्या शिस्तीच्या, इतक्या वेगवान इंटरनेटच्या देशात हे झालं, आणि आपण ते ठाणे-बेलापूर रस्त्यावर नीट चालेल असं धरून बसलो आहोत.

दूर कशाला, महाराष्ट्रात वय तपासण्याचा एक कायदा गेली कित्येक वर्षं आपल्या डोळ्यांसमोर आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा. कडक दारूसाठी वय २५ पूर्ण हवं, बिअर आणि वाइनसाठी २१, आणि वर पिण्याचा परवाना हवा. परवाना नसेल तर दुकानात एक दिवसाचा मिळतो. आता ठाण्यातल्या कुठल्याही वाइन शॉपसमोर शनिवारी संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहा आणि किती जणांना वय विचारलं जातं ते मोजा. पण कायदा मेला आहे का? नाही. तो झोपला आहे. कुणाच्या पार्टीवर धाड घालायची असेल, कुणाला चार तास चौकीत बसवायचं असेल, त्या दिवशी तो डोळे चोळत उठतो. सगळ्यांना लागू असलेला पण कुणालाच न लावलेला कायदा ही सत्तेची फार आवडती वस्तू आहे. कधी लावायचा ते तिच्या हातात राहतं.

इंटरनेटवरच्या वयाच्या तपासणीचं मला हेच भय आहे. सोळा वर्षांखालची मुलं रील बघतच राहतील. पण प्रत्येक खात्याच्या मागे एक पडताळलेलं नाव उभं राहील. ते नाव रोज कुणी वाचणार नाही, ज्या दिवशी हवं असेल त्या दिवशी वाचेल.

हे कल्पनेतलं भय नाही. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या ‘लाइक’ केल्या. दोघींना अटक झाली. त्याआधी जमाव पहिलीच्या काकांच्या दवाखान्यावर जाऊन मोडतोड करून आला होता. ज्याच्यावरून हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ लिहिणं गुन्हा ठरवणारं कलम ६६ अ २४ मार्च २०१५ रोजी रद्द झालं, आणि त्या निकालाचं आपण कौतुक करतो ते योग्यच आहे. पण मी त्या दवाखान्याकडे बघते. दोघी आपापल्या खऱ्या नावाने लिहीत होत्या. नाव कळलं की गाव कळतं, गाव कळलं की काकांचा दवाखाना सापडतो. त्याला पोलीस लागत नाहीत. त्या सज्ञान होत्या, त्यांचं वय कुणी तपासलं असतं तर त्या पहिल्याच फटक्यात पास झाल्या असत्या.

म्हणून निनावी राहता येणं ही गुन्हेगारांची सोय आहे, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. चोर काकाचं ओळखपत्र आणतो. निनावी राहायची खरी गरज असते ती कंपनीतल्या गैरप्रकाराबद्दल लिहिणाऱ्या कामगाराला, नवऱ्यापासून लपून वकिलाचा सल्ला शोधणाऱ्या बाईला, आपण इतर मुलांसारखे नाही हे पहिल्यांदा कुठेतरी टाइप करून बघणाऱ्या मुलाला.

‘लपवायला काही नसेल तर घाबरायचं कशाला,’ असं म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. आमच्याही आहेत. त्यांना मी गेटवरचं रजिस्टर दाखवते. कोण, कोणाकडे, किती वाजता आलं, मोबाइल नंबरसकट, आणि ते उघडं पडलेलं असतं. कुठल्या फ्लॅटमध्ये कुणाचं येणं-जाणं आहे याची चर्चा त्या रजिस्टरवरूनच सुरू होते. आणि त्यात नाव कुणाचं असतं? कामवाल्या मावशींचं, पार्सल आणणाऱ्या पोराचं. गाडी घेऊन येणाऱ्याला वॉचमन सलाम करून आत सोडतो.

सरकारवर विश्वास ठेवा, असंही म्हणतात. ठेवायला हरकत नाही, पण सवयी बघून. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक नव्या फोनमध्ये एक सरकारी अॅप आधीच घालून द्या असा आदेश गाजला आणि गदारोळ झाल्यावर सक्ती मागे घेतली गेली. ज्या डेटा कायद्याने कंपन्यांना २०० कोटींचा धाक दाखवला, त्याच कायद्यात सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा आहे. (आणि जाता जाता त्याच कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदलून अधिकाऱ्यांची माहिती देणं टाळायची सोयही करून ठेवली. मुलांच्या संरक्षणाच्या आडून हेही दारातून आत आलं.)

मग करायचं काय? याच डेटा कायद्यात एक चांगलं कलम आहे आणि त्याच्याबद्दल कुणी अंगठे देत नाही. मुलांचा माग काढायचा नाही, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं कलम ९ सांगतं. उत्तम. पण मूल कोण हे ठाऊक नसेल तर हे कलम पाळायचं कसं? इथेच फाटा फुटतो. एक रस्ता म्हणजे सगळ्यांची ओळख घ्या आणि मुलं वेगळी काढा. दुसरा म्हणजे सगळ्यांनाच मूल समजून सुरुवात करा. नवं खातं उघडलं की व्हिडिओ आपोआप सुरू होणार नाही, अनोळखी माणसाला निरोप पाठवता येणार नाही, रात्री दहानंतर टिणटिण नाही, माग काढणारी जाहिरात नाही. ज्या मोठ्या माणसाला हे सगळं हवं असेल त्याने स्वतः जाऊन चालू करावं. चौदा वर्षांचा मुलगाही ते चालू करेल, मान्य. पण मग तो खोटं एकदा बोलेल आणि त्याच्यासाठी कोट्यवधी लोकांना ओळखपत्र दाखवावं लागणार नाही. शिवाय माझ्यासारख्या चाळिशीकडे झुकलेल्या बाईलाही रात्री दहानंतर टिणटिण नकोच आहे. कंपन्यांना हा रस्ता आवडत नाही, कारण त्यात त्यांचा धंदा बसतो. ओळखपत्राचा रस्ता त्यांना चालतो. तिथे खर्च होतो, पण आपल्याबद्दलची पक्की माहितीही फुकट हातात पडते.

काही ठिकाणी वय खरंच तपासावं लागेल. पैशाचा जुगार, अश्लील साइटी. तिथेही ‘१८ पूर्ण, होय किंवा नाही’ एवढंच उत्तर पुढे जाईल अशी तंत्रं आज उपलब्ध आहेत. युरोपियन युनियनने तसं अॅप बनवायला घेतलं, आणि आपल्या नियमांतही डिजिलॉकरसारख्या ठिकाणाहून मिळणाऱ्या टोकनची, म्हणजे वयाची खात्री देणाऱ्या डिजिटल चिठ्ठीची तरतूद आहे. नाव नको, जन्मतारीख नको, फोटो नको. चांगलंच आहे. पण टोकन देणाऱ्याने ते कुठे वापरलं गेलं याची नोंद ठेवायची की नाही, हे कायद्यात स्वच्छ लिहिलेलं हवं. ठेवायची नाही, आणि ठेवली तर शिक्षा, सरकारी यंत्रणेलाही. एवढं एक वाक्य घालायला सरकार तयार असेल तर मी टीका थांबवेन. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये वेगळी वाट धरली. तिथल्या कायद्याप्रमाणे, २०२७ पासून, फोन पहिल्यांदा सुरू करताना पालक मुलाचं वय भरतील, फोन अॅपला फक्त वयोगट सांगेल, ओळखपत्र कुणी मागणार नाही. एका घरात एकच फोन असलेल्या आपल्या देशात हे जसंच्या तसं चालणार नाही, पण निदान विचाराची दिशा बरी आहे.

मी रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने रबाळ्याला कामाला जाते. एमआयडीसीत जिथे पूर्वी रसायनांचा वास यायचा तिथे आता बिनखिडक्यांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. डेटा सेंटर. आत माणसं कमी, कूलिंगचा घुमघुम आवाज रस्त्यापर्यंत येतो. कधीकधी वाटतं, मामाच्या वह्या हरवल्या ते एका अर्थी बरं झालं, कागद कुजतो. या इमारतींत काही कुजत नाही.

मागच्या रविवारी ऐरोलीला बहिणीकडे गेले होते. भाच्याचं एक खातं आईच्या, म्हणजे त्याच्या आजीच्या नावावर आहे, हे मला तिथे कळलं. बहिणीला अजून माहीत नाही, आणि मी सांगितलेलं नाही. त्या अॅपने अचानक वय पटवायला सांगितलं होतं, कॅमेऱ्यात चेहरा दाखवा म्हणून. आई स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून मटार सोलत बसली होती. भाचा तिच्यासमोर उकिडवा बसला आणि फोन तिच्या तोंडापुढे धरला.

‘आजी, इकडे बघ.’

‘कशाला रे फोटो, या अवतारात?’

‘फोटो नाहीये. तू मोठी आहेस का, ते बघतायत.’

‘कोण बघतंय?’

‘अगं बघ ना. आता मान डावीकडे कर. आता उजवीकडे.’

आईने हात पुसून पदर सारखा केला, मान डावीकडे केली, उजवीकडे केली आणि कॅमेऱ्याकडे बघून छान हसली.